अंतऱ्यातील सही

आमच्या घरात एक वही आहे आणि तिला दोन आरंभ आहेत. माझे आजोबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात विद्यार्थी असताना त्यांनी ती महाद्वार रस्त्यावरील एका दुकानातून स्वाक्षऱ्यांसाठी म्हणून घेतली. आत गुलाबी, पिस्तई आणि फिकट पिवळ्या रंगांची पाने, वर गर्द निळ्या कापडाची बांधणी, आणि आकार असा की सदऱ्याच्या खिशात बसावी पण थोडी वर दिसावी. कारण ती दिसणे हाही त्या वयातील छंदाचा एक अंश असतो. पहिल्या आठ-दहा पानांवर बालबोध आणि इंग्रजी सह्या क्रमाने चालल्या आहेत. पुढे एका हिवाळ्यात देवल क्लबात उत्तरेकडील एका खाँसाहेबांची बैठक झाली, तंबोऱ्यांना गवसण्या चढत असताना आजोबांनी धीर करून वही पुढे केली, आणि खाँसाहेबांनी ती सहजपणे उलटी करून, आमच्या दृष्टीने जे शेवटचे पान त्यावर उजवीकडून डावीकडे उर्दूत नाव लिहिले. त्यांच्या लेखी पुस्तक तिथूनच सुरू होत होते. शाई वाळण्याच्या आत वही मिटल्यामुळे त्या नावाची एक पुसट उलटी प्रतिमा समोरच्या पानावर उमटली आहे, आणि दोहोंपैकी मूळ कोणते हे उर्दू न येणाऱ्या आमच्या घरात लहानपणी कोणालाच सांगता येत नसे.

या क्रियेसाठी मराठीत जे शब्द आहेत ते बहुतेक दफ्तरखान्यातून आलेले आहेत. ‘सही’ म्हणजे मुळात बरोबर, खरे. कागदावरील मजकूर खरा असल्याची ग्वाही. ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लिखाण. ‘दस्तुरखुद्द’ म्हणजे स्वतःच्या हातचे, आणि कारकुनाने दुसऱ्याच्या वतीने लिहिलेल्या कागदाखाली येई ते ‘बिकलम’. पण मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात थोरामोठ्यांच्या नावाचे वळणदार अक्षर कागदाच्या तळाशी शोधू गेल्यास निराशा होते; शिवछत्रपतींच्या पत्रांत माथ्यावर राजमुद्रा आणि शेवटी मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब, एवढ्याने पत्र पुरे होई. मजकूर चिटणिसाच्या हातचा, अधिकार मुद्रेचा. व्यक्तीच्या हाताला तिच्या शब्दाहून निराळे मोल आहे, आणि नुसते नाव लिहिलेला चिठोरा पेटीत जपून ठेवावा, ही कल्पना त्या व्यवहारात बसणारी नव्हती.

गवयांच्या बाबतीत तर ती त्याहूनही परकी होती. 1894 साली शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबाराच्या चाकरीत आले. 1922 मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, ते या नगरीचे होते. जयपूरजवळच्या उनियाऱ्यात जन्मलेल्या या पुरुषाच्या गायकीचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले ते येथूनच. त्यांचे पुत्र भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गानसेवा करीत, आणि पहाटे दर्शनाला जाणाऱ्या माणसाच्या कानी ते सूर हातातल्या फुलांइतक्याच सहजतेने पडत. जो गवई रोज देवळाच्या वाटेवर भेटतो, ज्याला आपण वाकून नमस्कार करतो, ज्याच्या घरच्या बऱ्यावाईटाची वार्ता गल्लीला ठाऊक असते, त्याच्यापुढे कागद धरून ‘आपले नाव लिहून द्या’ असे कोण म्हणेल? त्या काळी त्याचे नाव कागदावर लागेच तर ते पगाराच्या पावतीवर, नाही तर शागिर्दाशी झालेल्या बोलीच्या ठरावावर. हे कागद कोणी छंद म्हणून जमविले नाहीत.

परंतु नाव मागे ठेवण्याची तृष्णा गवयाला नव्हती असे मात्र कोणी समजू नये. त्याची सही होतीच. ती अंतऱ्यात होती. ख्यालाची चीज बांधणारा अस्ताईत विषय मांडतो आणि अंतऱ्याच्या शेवटाकडे, पुन्हा समेकडे वळण्याच्या जरा अगोदर, आपले टोपणनाव, म्हणजे मुद्रा, अशा ठिकाणी गुंफतो की ते अर्थातही बसावे आणि तालातही. दिल्लीच्या महंमदशहा रंगिल्याच्या पदरी असलेल्या न्यामतखाँने ‘सदारंग’ हे नाव घेतले आणि कित्येक चीजांत आपल्या नावाशेजारी धन्याचेही नाव बसविले. पावतीवर चाकराची सही आणि सरकारचा शिक्का शेजारी शेजारी यावेत तसाच हा प्रकार, फरक इतकाच की ही पावती अडीचशेहून अधिक वर्षे मैफलीमैफलीत मोठ्याने वाचली जात आहे. खुद्द अल्लादियाखाँसाहेबांचे मूळ नाव गुलाम अहमद, आणि त्यांनी बांधलेल्या चीजांतील मुद्रा ‘अहमदपिया’. आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँनी ‘प्राणपिया’ म्हणवून घेतले. त्यांचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित मुंबईस जाण्यापूर्वी कित्येक वर्षे कोल्हापुरात राहून शिकवीत असत. त्यांनी ‘गुणीदास’ हे नाव पत्करले आणि त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास पुढे ‘गुणिजान’ झाले. म्हणजे शिष्याने सही करतानासुद्धा तिचे पहिले अक्षर गुरूच्या सहीतून उसने घेतले. जोगकंसाची पहिली ओळख गुणीदासांच्या चीजेतून ज्याला झाली, त्याच्या दृष्टीने तो राग आणि ती मुद्रा ही एकाच कागदाची दोन अंगे होत.

मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात तुकोबा स्वतःचे नाव घेतात, पठ्ठे बापूराव लावणीच्या शेवटी आपली ओळख देतात, आणि शाहिरांच्या या मुलखात तर ज्या कवनात कर्त्याचे नाव नाही ते चोरीचे समजण्याचीच वहिवाट आहे. मात्र गवयाच्या मुद्रेत एक गंमत अधिक असते. ती नाव सांगते त्याहून अधिक झाकते. गुलाम अहमद म्हणजेच अहमदपिया, हे ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक; बाकीच्यांना तो शब्द नायकाचे आणखी एक विशेषण वाटून जातो. आणि ही सही दरवेळी दुसऱ्याच्याच मुखाने होते. बांधणारा मरून शंभर वर्षे झाली तरी गाणाराच्या गळ्यावाचून ती उमटत नाही. गाणाराने अंतरा गाळला की सहीही गेली.

पश्चिमेकडे याच्या नेमके उलट घडले. तिथे संगीत कागदावर रचले जाते, म्हणून रचनाकाराच्या हातचे स्वरलेखन हीच त्याची खरी स्वाक्षरी, आणि ती जमविणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. व्हिएन्नाच्या आलोइस फुक्सने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा मोठा संग्रह केला. कादंबरीकार स्टेफान त्स्वाइगचा संग्रह 1986 पासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. योहान स्ट्राउसच्या घरातील एका स्त्रीने ब्राम्सपुढे आपला पंखा स्वाक्षरीसाठी धरला तेव्हा त्याने स्ट्राउसच्या विख्यात ‘निळ्या डॅन्यूब’ची सुरुवात त्यावर लिहून खाली आपले नाव घातले, आणि दुर्दैवाने ही रचना आपली नव्हे अशी कबुली जोडली. या विनोदातील खोच आपल्या गवयाला समजावून देणे कठीण आहे, कारण दुसऱ्याची चीज गाणे हाच मुळी त्याचा धर्म.

पश्चिमेची ती स्वाक्षरीची वही, जिचे मूळ सोळाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या स्नेहवह्यांत सापडते, आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. कोल्हापुरात 1880 साली महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात भवानी मंडपालगतच्या त्या इमारतीत ना. सी. फडके तत्त्वज्ञान आणि माधव जूलियन फारसी शिकवू लागल्यावर स्वाक्षरी घेण्याजोगी माणसे शोधायला विद्यार्थ्यांना फार दूर जावे लागत नसे. ज्या माधवरावांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला त्यांच्याचपुढे मुलांनी दस्तखतासाठी वह्या धराव्यात, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. याच सुमारास गाण्याचेही आश्रयस्थान पालटत होते. 1883 पासून चालत आलेला देवल क्लब, 1915 चे पॅलेस थिएटर (जे पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि जे 2024 च्या ऑगस्टात, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळाले), 1929 मध्ये या गावी स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी, या सर्वांनी गवयाला दरबारातून उठवून वर्गणीदारांच्या आणि तिकीट काढणाऱ्यांच्या समोर आणून बसविले. सांगवड्याचे गोविंदराव टेंबे हे तर या स्थित्यंतराची चालतीबोलती वंशावळच: पेटीवादक, 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीतकार, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे नायक, आणि तितकेच रसाळ लेखक. श्रोता आणि गवई यांच्यात अंतर पडले, तेव्हाच ते ओलांडण्यासाठी वही लागली. मागणाराची भीड आणि देणाराचा तोरा हे दोन्ही या नव्या अंतराचेच अपत्य होय. महात्माजी स्वाक्षरीचे पाच रुपये हरिजन निधीसाठी घेत; गवयांनी तसे काही केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, बिदागीची बोली मात्र ते अगोदर पक्की करीत.

दरम्यान सहीचा आणखी एक प्रकार यंत्राने आणला होता. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास पहिली ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा गायिका गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारी. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, हा त्यातील हेतू सांगतात. तोंडाने केलेली ही सही अनेक कलावंतांनी केली. अल्लादियाखाँसाहेबांनी ती केली नाही. त्यांनी आपला आवाज यंत्राला दिलाच नाही. 1946 मध्ये मुंबईत ते वारले तेव्हा त्यांच्या गाण्याचा अर्धा मिनिटही कोठे उमटलेला नव्हता. त्यांच्या हयातीचा जो वृत्तांत त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे तोही त्यांनी उतारवयात उर्दूत सांगितला आणि नातू अजीजुद्दीनखाँ यांनी लिहून घेतला. जुन्या चिटणिशी भाषेत सांगायचे तर तो ग्रंथ बिकलम आहे, दस्तुरखुद्द नव्हे. सही मागे ठेवण्याचे जेवढे मार्ग काळाने पुढे केले तेवढे सारे नाकारून या माणसाने केसरबाई, मोगूबाई, मंजीखाँ, भूर्जीखाँ अशा गळ्यांवर भिस्त ठेवली. त्यांच्या या हट्टाची मला लहानपणी चीड येई. आता येत नाही.

मुद्रेची ती जुनी चाल कोल्हापुरात त्या मानाने अलीकडे एकदा वेगळ्या वेषात प्रकट झाली. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांच्या संगीतकाराचे नाव ‘आनंदघन’ असे झळके. हे कोण, याची कुजबुज पुष्कळ झाली. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे उघड झाले. चाळिशीच्या दशकात याच गावात मास्टर विनायकांच्या कंपनीत पोटासाठी राबलेल्या या मुलीची सही पुढे देशभर लोकांनी रांगा लावून मागितली, आणि तिने स्वतः बांधलेल्या चालींवर मात्र ती अहमदपियासारखी पडद्याआड राहिली.

आजोबांच्या वहीत बालबोध बाजूच्या सह्या चौदा-पंधरा पानांनंतर थांबतात. उर्दू बाजूने मात्र, त्या पुसट प्रतिमेनंतर, दुसरेच काही सुरू झाले आहे. आजोबा तोपर्यंत गावातल्या एका वृद्ध गवयांकडे शिकू लागले होते आणि शिकवणीची वेगळी वही घेण्याइतके पैसे हाती नसावेत, किंवा सह्यांपेक्षा चीजांची गोडी अधिक लागली असावी. रंगीत पानांवर चीजा उतरवलेल्या आहेत: डोक्यावर राग आणि ताल, खाली अस्ताई, मग ‘अं.’ असे लिहून अंतरा. अक्षर मोडी वळणाचे, भाषा ब्रज पण मराठी कानाने ऐकलेली, त्यामुळे ‘पिहरवा’चे ‘पिरवा’ आणि ‘सगरी’चे ‘सागरी’ झालेले. काही अंतऱ्यांत सदारंग आहे, एकात प्राणपिया. ते शब्द आजोबांनी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले आहेत.

पिवळ्या पानावर बिलावलाच्या एका प्रकारातील चीज आहे. अस्ताईच्या दोन ओळी शाईत, सुवाच्य. त्याखाली ‘अं.’ आणि पुढे बोटभर जागा कोरी. घराण्याची ठेवणीतली चीज शागिर्दाला एकदम सगळी द्यायची नाही, अंतरा हातचा राखून ठेवायचा, हा त्या पिढीचा शिरस्ता होता आणि बुवांनी तो पाळला. कोऱ्या जागेच्या कडेला बारीक अक्षरात आजोबांनी टीप केली आहे: ‘अंतरा पुढल्या खेपेस सांगतो म्हणाले.’ पुढचे पान गुलाबी आहे आणि त्यावर दुसरीच चीज सुरू होते.