प्न्यूमा

प्न्यूमा हा प्राचीन ग्रीक भाषेतील एक नपुंसकलिंगी शब्द आहे. वारा, श्वास, प्राण व आत्मा असे त्याचे अर्थ होतात. वाहणे किंवा फुंकणे या अर्थाच्या 'प्नेओ' या क्रियापदापासून तो बनला आहे. बायबलच्या नव्या करारात तो सुमारे ३८० वेळा येतो. 'पवित्र आत्मा' या ख्रिस्ती संकल्पनेचे मूळ ग्रीक नाव याच शब्दावर आधारलेले आहे.

पूर्वपीठिका

ग्रीक तत्त्वज्ञानात प्न्यूमा हे प्रामुख्याने भौतिक तत्त्व होते. स्टोइक विचारवंत त्याला अग्नी व वायू यांचे मिश्रण आणि सर्व विश्वाला धरून ठेवणारी शक्ती मानत.

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचा ग्रीक अनुवाद होऊ लागला. सेप्तुअजिंत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अनुवादात 'रूआख' या हिब्रू शब्दासाठी बहुधा प्न्यूमा हा शब्द योजला गेला. रूआख या शब्दातही वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. यहेज्केलच्या ३७ व्या अध्यायातील वाळलेल्या हाडांच्या दृष्टान्तात चार दिशांचे वारे, मृतांत शिरणारा श्वास आणि देवाचा आत्मा या तिन्हींसाठी हा एकच शब्द येतो.

नव्या करारातील अर्थ

नव्या करारात या शब्दाचे पुढील अर्थ आढळतात :

* वारा : योहानकृत शुभवर्तमान ३:८ येथे येशू निकदेमास सांगतो, की वारा हवा तिकडे वाहतो आणि आत्म्यापासून जन्मलेला मनुष्यही तसाच असतो. मूळ ग्रीकमध्ये 'वारा' व 'आत्मा' या दोहोंसाठी प्न्यूमा हाच शब्द असल्याने वाक्यात श्लेष साधला आहे.
* मानवी प्राण किंवा अंतःकरण : लूक २३:४६ येथे येशू मरणसमयी आपले प्न्यूमा पित्याच्या हाती सोपवतो.
* अशुद्ध आत्मे : माणसांना पछाडणाऱ्या दुष्ट शक्तींनाही हाच शब्द लावलेला आहे. तेथे त्यास 'अशुद्ध' यासारखे विशेषण जोडले जाते.
* देवाचा किंवा पवित्र आत्मा : योहान २०:२२ येथे येशू शिष्यांवर फुंकर घालून पवित्र आत्मा देतो. फुंकण्यासाठी येथे वापरलेले क्रियापद सेप्तुअजिंतमध्ये आदामाच्या निर्मितीच्या प्रसंगीही आले आहे.

पौलाच्या पत्रांत प्न्यूमा व 'सार्क्स' (देह) यांचा विरोध वारंवार येतो. हा विरोध केवळ अदृश्य आत्मा आणि दृश्य शरीर यांच्यातील नाही. देवाच्या प्रेरणेने जगणे आणि तिच्यावाचून जगणे, असा त्याचा आशय आहे. म्हणूनच १ करिंथ १५:४४ येथे पौल पुनरुत्थित शरीराला 'प्न्यूमामय शरीर' म्हणू शकतो.

अर्थनिर्णयाची अडचण

नव्या कराराची प्राचीन हस्तलिखिते एकाच आकाराच्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत. त्यामुळे विशेषण नसेल, तेथे माणसाचा आत्मा अभिप्रेत आहे की देवाचा, हे केवळ संदर्भावरून ठरवावे लागते. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात हा प्रश्न वारंवार उद्भवतो.

चौथ्या शतकात पवित्र आत्म्याचे देवत्व नाकारणाऱ्यांना 'प्न्यूमातोमाखोइ', म्हणजे आत्म्याशी झगडणारे, असे संबोधले गेले. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यांचे मत अमान्य केले.

अनुवाद

लॅटिन 'स्पिरितुस' या शब्दात श्वास व आत्मा हे दोन्ही अर्थ टिकून राहिले. मराठी अनुवादात मात्र संदर्भानुसार 'वारा' आणि 'आत्मा' असे वेगळे शब्द योजावे लागतात. परिणामी योहान ३:८ मधील श्लेष लुप्त होतो. 'अंगात वारे येणे' या मराठी वाक्प्रचारात वारा व दैवी संचार एकत्र येतात. परंतु त्यास देवता अंगात येण्याचा विशिष्ट अर्थ आहे.

'आत्मा' या शब्दामागे उपनिषदांची दीर्घ परंपरा आहे. तेथे तो अजन्मा व अविनाशी असे मानवाचे मूळ स्वरूप दर्शवतो. नव्या करारातील पवित्र आत्मा मात्र मनुष्याचे स्वतःचे स्वरूप नसून त्याला देवाकडून मिळणारे दान आहे. मराठी बायबल वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. प्न्यूमाशी अर्थाने निकट असलेल्या 'प्सिखे' या ग्रीक शब्दासाठी मराठीत बहुधा 'जीव' हा शब्द वापरतात.