प्राइम लेन्सचा संग्रह : कोणती ठेवावी, कोणती द्यावी

आपल्या मंडळाच्या बऱ्याच सभासदांच्या घरी कॅमेरा आहे आणि त्यासोबत एकापेक्षा जास्त लेन्सही आहेत. काही वडिलांच्या रोलच्या काळातल्या, काही मुलांनी नोकरी लागल्यावर घेतलेल्या, तर काही परदेशातून कोणीतरी आणून दिलेल्या. मुले पुण्याला, इंदूरला किंवा त्याही पलीकडे गेली की हे सगळे कपाटात राहते. दिवाळीच्या साफसफाईत प्रश्न निघतो, "हे ठेवायचे की देऊन टाकायचे?" उत्तर मिळत नाही म्हणून डबा पुन्हा वरच्या फळीवर जातो, आणि दोन-चार पावसाळ्यांनी आतल्या काचेवर बुरशी चढते. हे टळावे आणि निर्णय शांतपणे घेता यावा, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

प्राइम लेन्स म्हणजे काय

जिचे नाभीय अंतर एकच असते, म्हणजे जी झूम होत नाही, ती प्राइम लेन्स. दृश्य लहान-मोठे करायचे तर आपल्यालाच पुढे-मागे सरकावे लागते. या गैरसोयीच्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात. लेन्स आकाराने लहान राहते आणि तिच्यातून प्रकाश जास्त येतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची झूम ५५ मि.मी. वर साधारण एफ/५.६ इतकीच उघडते. ५० मि.मी. ची साधी प्राइम एफ/१.८ पर्यंत उघडते. आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला तर प्रकाश नऊपटीहून अधिक भरतो. संध्याकाळच्या आरतीला फ्लॅश न मारता फोटो निघतो तो याच फरकामुळे.

पहिली पायरी : यादी

बँकेत कोणतेही काम खतावणीपासून सुरू व्हायचे, इथेही तसेच करावे. एका वहीत प्रत्येक लेन्सची कंपनी, नाभीय अंतर, सर्वांत मोठे अपर्चर, माउंट, मागच्या बाजूचा किंवा रिंगवरचा क्रमांक, कोणी व केव्हा घेतली आणि सध्याची स्थिती लिहावी. माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवण्याची खाच. आपल्या पश्चात ही वही ज्याच्या हाती पडेल त्याला वस्तूची किंमत कळेल. वही नसेल तर चांगली लेन्स भंगारात जाते आणि खराब लेन्स आठवण म्हणून जपली जाते. दोन्ही प्रकार घराघरांत होत असतात.

दुसरी पायरी : तपासणी

लेन्सची दोन्ही झाकणे काढून अपर्चर पूर्ण उघडावे. मागून टॉर्चचा प्रकाश टाकून पुढून, जरा तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी. सगळीकडे दुधी पडदा दिसला तर आतल्या काचेवर तेलकट बाष्प बसले आहे. काचेच्या कडेला इंद्रधनुषी वलय असेल तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत, आणि ही दुरुस्ती सहसा परवडत नाही. अपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का आणि फोकसची रिंग सहज फिरते का, हेही बघावे.

आत धुळीचे चार कण असतील तर घाबरू नये, फोटोत ते दिसत नाहीत. कडेला थोडी बुरशी असेल तर लेन्स साफ होऊ शकते. ती मधोमध पसरून काचेचा लेप खाऊ लागली असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो. साफसफाईचा खर्च आधी विचारून घ्यावा. तेवढ्या पैशांत तीच लेन्स जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळत असेल तर दुरुस्तीला अर्थ नाही. बुरशीची लेन्स इतर लेन्सजवळ ठेवू नये.

काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम वापरले जात असे. सुपर ताकुमार ५० मि.मी. एफ/१.४ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशी काच वर्षानुवर्षांनी पिवळट होते. हा बिघाड नाही, काही दिवस ऊन दाखवले की पिवळेपणा बराच उतरतो. मात्र ऊन दाखवताना मागचे झाकण लावूनच ठेवावी. उघड्या भिंगाने कागद-कापड पेटते हे आपण शाळेत शिकलो आहोत.

तिसरी पायरी : आपल्या कॅमेऱ्यावर बसते का

लेन्सची मागची कड ते सेन्सर हे अंतर प्रत्येक माउंटला ठरलेले असते. निकॉन एफ माउंटला ते ४६.५ मि.मी., कॅनन ईएफला ४४ मि.मी., आणि जुन्या कॅनन एफडीला ४२ मि.मी. आहे. पेंटॅक्स के आणि जुन्या स्क्रूच्या एम-४२ माउंटला ते सुमारे ४५.५ मि.मी. असते. ज्या लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त, ती मधे साधे अडॅप्टर घालून बसू शकते. कमी असेल तर दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही.

हे हिशेबात घेतले की पुष्कळ शंका मिटतात. झेनिट कॅमेऱ्याबरोबरची रशियन हेलिओस ५८ मि.मी. एम-४२ माउंटची असेल तर ती कॅनन डीएसएलआरवर चालते. निकॉनवर साध्या अडॅप्टरने तिचा दूरचा फोकस मिळत नाही. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणले, तेव्हा जुन्या एफडी लेन्स कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यांना निरुपयोगी झाल्या. मिररलेस कॅमेऱ्यांनी मात्र त्यांना पुन्हा जीवदान दिले. सोनी ई माउंटचे अंतर १८ मि.मी., कॅनन आरएफचे २० मि.मी. आणि निकॉन झेडचे १६ मि.मी. इतके कमी आहे की वर सांगितलेल्या सर्व जुन्या लेन्स त्यांवर बसतात. फोकस हाताने करावा लागतो, इतकेच. घरात कोणी मिररलेस घेणार असेल तर जुनी लेन्स देण्याची घाई करू नये.

निकॉनवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. एफ माउंट १९५९ पासून चालत आले असले तरी १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्स नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने बसवल्यास कॅमेऱ्याची नाजूक पट्टी मोडू शकते. आणि डी-३००० व डी-५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे ५० मि.मी. एफ/१.८ डी ही लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाही. ती बिघडली आहे असे समजून कवडीमोलाने विकू नये.

चौथी पायरी : बऱ्हाणपुरात कोणती कामाची

लेन्सची किंमत तिच्या कामावरून ठरवावी, आणि काम आपल्या गावाचे, आपल्या घरचे असावे. यासाठी एक सोपे गणित आहे. सेन्सरच्या रुंदीला नाभीय अंतराने भागून वस्तूपर्यंतच्या अंतराने गुणले की चौकटीत किती रुंदी मावेल ते कळते. फुल फ्रेमची रुंदी ३६ मि.मी. असते. आपल्याकडच्या बहुतेक डीएसएलआरमधल्या एपीएस-सी सेन्सरची सुमारे २२ ते २३.५ मि.मी. असते.

घरातली खोली घ्या. मुंज, डोहाळजेवण किंवा हळदीकुंकू असताना मागे सरकायला तीन मीटर मिळाले तर पुष्कळ. तेवढ्या अंतरावरून एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मि.मी. लावली तर सुमारे १.४ मीटर रुंदी येते, म्हणजे जेमतेम दोन-तीन माणसे. ३५ मि.मी. ने सुमारे दोन मीटर आणि २४ मि.मी. ने जवळजवळ तीन मीटर मावते. घरगुती समारंभाला एपीएस-सीवर २४ किंवा ३५ लागते ती यासाठी. कॅननची २४ मि.मी. एफ/२.८ एसटीएम आणि निकॉनची ३५ मि.मी. एफ/१.८ जी या दोन्ही छोट्या लेन्स या कामाच्या आहेत.

आता गाव घ्या. शाही किल्ल्यातल्या हमामचे रंगीत नक्षीचे छत अपुऱ्या उजेडात आहे. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूत तिपाई लावायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून हातात धरून फोटो काढता येईल अशी जास्त उघडणारी, रुंद लेन्स इथे उपयोगी पडते. १६१५ च्या सुमाराच्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात जागाही कमी आणि उजेडही कमी, तेव्हा तिथेही हीच लेन्स चालेल. शिवाय तिथली हवा ओली असते. बाहेर आल्यावर काच पुसून, कोरडी करूनच लेन्स पिशवीत ठेवावी.

जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. असा लेख वाचता येईल इतका स्पष्ट टिपायचा असेल तर ५० मि.मी. किंवा त्याहून लांब लेन्स घ्यावी. रुंद लेन्सने जवळून घेतल्यास कडेची अक्षरे ताणली जातात. राजघाटावर विसर्जनाच्या दिवशी गर्दीत फिरताना हलकी ५० मि.मी. सोयीची. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम ५० मि.मी. नेच केले, आणि गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो जगभर गेले. तेव्हा ही लेन्स साधी म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही. शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवरचा असीरगड खालून टिपायचा तर १३५ मि.मी. हवी. पण अशी वेळ वर्षातून किती वेळा येते, हे ज्याचे त्याने पाहावे.

पाचवी पायरी : निवड

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही तर बचत खाते निष्क्रिय धरतात. आम्ही लेन्सलाही हाच नियम लावतो. संगणकावर फोटोचा तपशील उघडला की तो कोणत्या नाभीय अंतराने काढला ते दिसते. मागच्या दोन वर्षांचे फोटो चाळून मोजणी करावी. ज्या लेन्सच्या नावावर एकही फोटो नाही ती देण्याच्या यादीत प्रथम यावी.

त्यानंतर एकसारख्या लेन्स बघाव्यात. फुल फ्रेमवर २८ आणि ३५ दोन्ही ठेवण्याची गरज क्वचितच असते. शेजारच्या दोन लेन्समध्ये साधारण दीडपट ते अडीचपट अंतर असावे, उदाहरणार्थ २४, ५० आणि ८५, किंवा ३५ आणि ८५. ५० मि.मी. ची एफ/१.४ आणि एफ/१.८ अशा दोन असतील तर प्रकाशातला फरक सुमारे १.६५ पट, म्हणजे एका पायरीहूनही कमी आहे. त्यांतली जी काचेने निर्मळ आणि आपोआप फोकस करणारी असेल ती ठेवावी.

बहुतेक कुटुंबांना तीन लेन्स पुरतात : घरासाठी आणि वास्तूंसाठी एक रुंद, रोजची एक मधली, आणि चेहऱ्यासाठी एक लांब. एपीएस-सीवर ५० मि.मी. हीच ७५ ते ८० मि.मी. सारखे दृश्य देते, म्हणून तिथे २४ किंवा ३५ आणि ५० अशा दोघींतही काम भागते.

चौथी जागा आठवणीची. वडिलांची, आजोबांची एखादी लेन्स वापरात नसली तरी ठेवावी. मात्र एकच ठेवावी आणि वहीत तसे स्पष्ट लिहावे. आठवणीच्या नावाखाली सहा लेन्स बुरशीला देण्यापेक्षा एक नीट जपलेली बरी. उरलेल्या विकाव्यात, किंवा त्याच माउंटचा कॅमेरा असलेल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्याव्यात. विकताना स्थिती जशी आहे तशी सांगावी आणि क्रमांकासह पावती करावी.

ठेवलेल्या लेन्सची काळजी

आपल्याकडे मे महिन्यात कोरडा उन्हाळा आणि जुलै ते सप्टेंबर दमट हवा, असे दोन्ही त्रास आहेत. स्वयंपाकघरात वापरतो तसा हवाबंद डबा घ्यावा. त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. निळे जेल गुलाबी झाले, किंवा नारिंगी जेल हिरवे झाले, की ते ओले झाले असे समजावे. चामड्याच्या जुन्या पेटीत लेन्स ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते. बँकेच्या लॉकरमध्येही ठेवू नये. बंद जागा, अंधार आणि महिनोन्महिने हात न लागणे हे बुरशीला हवेच असते. उन्हाळ्यात गाडीत विसरू नये, उष्णतेने आतले तेल पातळ होऊन पात्यांवर येते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे महिन्यातून एकदा बाहेर काढून फोटो काढणे.

या शेवटच्या उपायासाठी एक काम सुचवतो. घरातले ज्येष्ठ माणूस गेले की चांगल्या फोटोची शोधाशोध सुरू होते. मग कुठल्यातरी लग्नाच्या समूहचित्रातून चेहरा कापून, मोठा करून, हार घालावा लागतो. कपाटात एफ/१.८ ची लेन्स असलेल्या घरातही हे घडते. तेव्हा निवड करताना हात अडला तर त्या दोन लेन्स घेऊन सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, आजी-आजोबांना खुर्चीवर बसवावे आणि दोन्हींनी फोटो काढावेत. जिचा फोटो घरच्यांना आवडेल ती लेन्स ठेवावी. फोटोची मोठी प्रत काढावी, मागे नाव आणि तारीख लिहावी, आणि ते माणूस स्वतः बघू शकेल अशा ठिकाणी भिंतीवर लावावी.