पोरीला पत्रकार व्हायचंय



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आपण पहिलं विचारतो, पैसे कशाला हवेत? म्हशीला, शिलाई मशीनला, खताला म्हटलं की माना हलतात. मुलीच्या नर्सिंगला म्हटलं तरी हलतात. पण एखादी म्हणाली, "माझ्या पोरीला बारावीनंतर मुंबईला पत्रकारिता शिकायचीय," की बैठक गप्प होते. मग कुणीतरी बोलतं, "पेपरात लिहायला कॉलेज कशाला लागतं? आणि पोरीच्या जातीनं माइक घेऊन हिंडायचं?" दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात. आज त्यांची उत्तरं मुंबईच्या जुन्या वस्त्यांमध्ये शोधूया.

आधी कॉलेजचा प्रश्न. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला मुंबईत 'दर्पण' काढलं. हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, म्हणून 6 जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो. बाळशास्त्री आपल्या कोकणातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या वेळी पत्रकारिता शिकवणारं कॉलेज जगात कुठेच नव्हतं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात असं कॉलेज निघालं ते 1908 साली, म्हणजे 'दर्पण'नंतर 76 वर्षांनी.

मग लोक शिकायचे कुठे? छापखान्यात आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत. कुणी मुद्रितं तपासता तपासता शिकलं, कुणी इंग्रजी बातम्यांचं मराठी करता करता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 साली 'नवाकाळ' सुरू केला. त्यांच्या नावाचा रस्ता आजही गिरगावात आहे. अशा कचेऱ्या हीच तेव्हाची शाळा होती. पण त्या शाळेत शिरायला ओळख लागायची. कुणाचा मामा आत असायचा, कुणाचे गुरुजी. ज्याचं आत कुणी नाही, त्यानं काय करायचं?

याचं एक उत्तर गिरणगावानं दिलं. परळ, लालबाग, भायखळा हा गिरण्यांचा पट्टा. आपल्या कितीतरी घरांतले आजोबा, आजेसासरे तिथं राबले आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर इकडची चूल पेटली. त्या कामगारांचे हाल कोण छापणार? 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात काढलं होतं. 1880 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणलं आणि कामगारांचं गाऱ्हाणं मांडायला सुरुवात केली. सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांची सभा झाली. तिथल्या मागण्या ऐका: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. सहा वर्षं झगडल्यावर 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज मुलांच्या शाळेला रविवारी सुट्टी असते, तेव्हा लोखंड्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली. तिथं दोन बायकाही भाषणाला उभ्या राहिल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका, 1890 साली, हजारो पुरुषांपुढे! पण इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा 'दोन स्त्री कामगार' एवढाच येतो. नाव नाही, गाव नाही. त्यांच्याजवळ जाऊन "बाई, तुमचं नाव काय, घरी कोण कोण असतं?" असं विचारून लिहून घेणारी कुणी त्या सभेत असती, तर आज आपण त्यांची नावं घेतली असती.

दुसरं उदाहरणही परळचंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं, त्याची कचेरी परळला होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी 2500 रुपयांची मदत दिली. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. ज्यांना दुसऱ्याच्या पेपरात जागा नव्हती, त्यांना स्वतःचा पेपर काढावा लागला.

आता पोरीच्या जातीचा प्रश्न. लोखंड्यांच्या माघारी पुढे 'दीनबंधू' वासुदेवराव बिर्जे चालवत होते. ते गेल्यावर 1906 साली त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी पत्र हातात घेतलं आणि 1912 पर्यंत त्याचं संपादन केलं. देशातली पहिली स्त्री संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या पुण्याच्या, सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. बाईनं वर्तमानपत्रात काय करायचं, याचं उत्तर तानुबाईंनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तानुबाईंकडे घरचं वर्तमानपत्र होतं, लोखंड्यांच्या मागे सत्यशोधक चळवळ होती, बाबासाहेबांना शाहू महाराजांचा आधार होता. आपल्या गावातल्या पोरीकडे यातलं काय आहे? तिचा मामा पेपरात नाही, आणि स्वतःचा पेपर काढायला पैसा नाही. तिच्याकडे आहे बारावीची गुणपत्रिका. कॉलेजच्या प्रवेशाला तीच लागते. म्हणून ही पदवी मोलाची आहे.

महाराष्ट्रात पत्रकारितेचं शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1950 नंतरच्या वर्षांत सुरू झालं. पुणे विद्यापीठाचा विभाग 1964 चा. मुंबईतही पदविकेचे वर्ग होते, पण ते बहुतेक पदवीनंतरचे. बारावीनंतर थेट पदवी मिळू लागली ती मुंबई विद्यापीठानं 2000 च्या सुमारास बी.एम.एम. हा अभ्यासक्रम आणला तेव्हापासून. आता त्याचं नाव बी.ए.एम.एम.सी. झालं आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेची बारावी चालते. आधी समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था शिकवतात. शेवटी पत्रकारिता की जाहिरात, अशी वाट निवडायची. पत्रकारितेत बातमी मिळवणं, तिची खातरजमा करणं, संपादन आणि माध्यमांचे कायदे हे विषय येतात. बरीच वर्षं हे सगळं इंग्रजीतच होतं. पुढे दादरला लागून असलेल्या माटुंग्याच्या रुईया कॉलेजात आणि पार्ल्याच्या साठ्ये कॉलेजात मराठी माध्यमाचे वर्ग निघाले. आपल्या पोरींसाठी ती मोठी गोष्ट होती.

पदवी असली की नोकरी ठेवलेलीच, असं मी सांगणार नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, मुंबईत राहणं महाग, कामाला घड्याळ नसतं. आणि पदवीशिवाय दार उघडतच नाही, असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात 2002 साली 'खबर लहरिया' हे पत्र सुरू झालं. ते खेड्यातल्या बायका चालवतात, त्यात दलित बायका पुष्कळ. हापसा बिघडला, रेशन मिळालं नाही, बाईला मारहाण झाली, या बातम्या त्यांनी आपल्या बोलीत छापल्या. कित्येकींचं शिक्षण थोडंच होतं. तिथं त्यांना शिकवणारी, सांभाळून घेणारी संस्था पाठीशी होती. तशी जवळपास नसेल, तर कॉलेज हीच वाट उरते.

तेव्हा गटात असा अर्ज आला, तर म्हशीच्या कर्जाला जशी चौकशी करतो तशीच करा. कॉलेज कुठल्या विद्यापीठाशी जोडलेलं आहे? मराठीतून शिकता आणि परीक्षा देता येते का? हा अभ्यासक्रम बऱ्याच कॉलेजांत विनाअनुदानित आहे, म्हणून साध्या बी.ए.पेक्षा फी जास्त पडते. तीन वर्षांची मिळून किती होते, ते लिहून घ्या. शिष्यवृत्ती आणि सरकारी वसतिगृहाचे अर्ज कधी भरायचे, ते विचारा. मुंबई झेपत नसेल, तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचं काय शिकता येतं, याची त्यांच्या जवळच्या अभ्यासकेंद्रावर चौकशी करा. आणि पोरीला एक काम द्या. आपल्या गटाची पुढची बैठक तिला लिहून काढू दे. कोण काय बोललं, आकडे बरोबर आहेत का, कुणाचं बोलणं सुटलं का, हे सगळ्यांसमोर वाचून घ्या. तिला यात गोडी आहे की नाही, ते तिथंच कळेल.

एवढं करून हिशेब बसत असेल, तर अर्जावर सही करताना हात आखडू नका.