खुंटा धरा

उठा. कोंबडा अजून आरवलेला नाही, पण जळगावच्या चौधरीवाड्यात दळणाची वेळ झालीय. सारवलेली जमीन पायाला गार लागतेय. कोपऱ्यात चिमणी काजळी धरून मिणमिणतेय, गोठ्यातून शेणाचा आणि कडब्याचा वास येतोय. बसा कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या समोर. जात्याला इथे घरोट म्हणतात. धरा खुंटा!

पहिले चार-सहा फेरे मजेत जातात. मग दंड भरून येतात, तळहाताची आग होते, मानेवरचा घाम पाठीत उतरतो. बाई मात्र एका हाताने घरोट ओढताहेत आणि दुसऱ्या हाताने सुपातली ज्वारी त्याच्या तोंडात सोडताहेत. घास पडला की आवाज जडावतो, पुन्हा मोकळा होतो. कडेने पीठ झरतंय. बोट लावून पाहा, कोमट आहे.

आणि बाई गायला लागतात. तुमच्यासाठी नव्हे. घरघरीत अर्धे शब्द बुडतात म्हणून तुम्ही पुढे वाकता. सगळे घरातले, शेतातले शब्द, तिथल्या लेवा बोलीतले. ओळ अडली की एक फेरा नुसताच जातो, पुढच्या फेऱ्याला ओळ आपसूक येते. तुमचा हात पेनासाठी खिशाकडे जातो. बाईंना लिहिता-वाचता येत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. ना कागद, ना शाई, ना कुणाची दाद. तिशीत वैधव्य आलं, शेत आणि संसार अंगावर पडला. तरी कुणाला न विचारता त्या रोज गाणं रचतात. कवितेतलं स्वातंत्र्य मला इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

मुलगा सोपानदेव यातली काही गाणी टिपून ठेवील. बाई गेल्यावर, १९५२ मध्ये, त्यांचं पुस्तक होईल. या पहाटे ते कुणाच्या ध्यानीमनीही नाही.

उजाडलं. बाहेर कापसाच्या गाड्यांची खडखड, बैलांच्या घुंगरांचा गलका, कुणाच्या तरी हाका. चुलीचा धूर डोळ्यांत जातोय. सूप रिकामं झालंय, बाई पीठ भरून उठल्यासुद्धा. मघाची ती ओळ पुन्हा म्हणता का, असं तुमच्या अगदी ओठांवर येतं. पण भाकरी तव्यावर पडलीय, आणि ती फुगायची वाट बघत बाई दुसरंच काही गुणगुणताहेत.