संगणक-मेघाची सदर



जुन्या मराठी वाड्याची रचना आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. धान्य कोठारांत, द्रव्य खजिन्यांत, घोडे पागेंत. सदरेवर यांपैकीं कांहींच नसे. तरी कोणास काय व किती द्यावयाचें, ती आज्ञा सदरेवरूनच सुटे. आणि सदरेपर्यंत पोहोंचण्यापूर्वीं प्रत्येकास देवडीवर आपली ओळख पटवावी लागे. 'ओपनस्टॅक' नामक मेघसंगणन-व्यवस्थेचा 'होरायझन' हा नियंत्रणफलक, म्हणजेच डॅशबोर्ड, ही अशीच एक सदर आहे. ती कशी घडली आणि कशी मांडावी लागते, हें आज सांगावयाचें आहे.

मेघसंगणन या भारदस्त शब्दाचा अर्थ साधा आहे. पुष्कळ संगणक एकत्र ठेवावयाचे, आणि त्यांची गणनाची शक्ति व साठवणीची जागा, मागेल त्यास मागेल तेवढी, दुरून वापरावयास द्यावयाची. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेनें कॅलिफोर्नियांतील आपल्या एम्स संशोधनकेंद्रांत 'नेब्युला' नांवाची अशी व्यवस्था उभारली होती. टेक्सासमधील रॅकस्पेस कंपनीपाशीं साठवणीची आज्ञावली होती. जुलै २०१० मध्यें या दोघांनीं हात मिळवून 'ओपनस्टॅक' हा उपक्रम जाहीर केला, आणि त्याची आज्ञावली सर्वांस मोकळी करून दिली. नासाकडून आलेला गणनाचा भाग तो 'नोव्हा'; रॅकस्पेसकडून आलेला साठवणीचा भाग तो 'स्विफ्ट'. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत 'ऑस्टिन' ही पहिली आवृत्ति निघाली.

परंतु कोठारें सिद्ध झालीं म्हणजे वाडा नांदता झाला असें नव्हे. आज्ञा टंकून यंत्राशीं बोलण्याची विद्या ज्यास अवगत, त्यासच हें वैभव उपयोगी पडे. ही अडचण दूर करण्यासाठीं नियंत्रणफलक निर्माण झाला. आरंभीं तो केवळ 'नोव्हा'चा कारभार पाहत असे. एप्रिल २०१२ च्या 'एसेक्स' आवृत्तींत 'होरायझन', म्हणजे क्षितिज, या नांवानें त्यास मुख्य घटकांत स्थान मिळालें. आणि त्याच वेळीं ओळख पटविणारा 'कीस्टोन' हा घटकही पंक्तीस आला. सदर आणि देवडी एकदमच बांधून झालीं, हा मला केवळ योगायोग वाटत नाहीं.

या सदरेचें सामान निरनिराळ्या घरांतून आलेलें आहे. तिचा सांगाडा 'जँगो' हा. तो कॅन्सस प्रांतांतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत २००३ साली आकारास येऊं लागला व २००५ मध्यें सर्वांस खुला झाला. आल्यागेल्याची तात्पुरती आठवण ठेवणारा 'मेमकॅश्ड' हा २००३ मध्यें 'लाइव्हजर्नल' या दैनंदिनी-स्थळासाठीं रचला गेला. कोणीं वृत्तपत्रासाठीं केलें, कोणीं रोजनिशीसाठीं; आणि तें सारें मोकळेपणानें दिलें गेल्यामुळें एका ठिकाणीं जुळून आलें.

आतां मांडणीविषयीं. प्रथम 'कीस्टोन' चालू असला पाहिजे. मुख्य सेवांपैकीं होरायझनला अपरिहार्य अशी तेवढी एकच आहे. मग 'ओपनस्टॅक-डॅशबोर्ड' हा संच यंत्रावर चढवावयाचा, आणि 'लोकल सेटिंग्ज' नांवाच्या फाइलींत उत्तरें भरावयाचीं. कीस्टोनचा पत्ता कोणता? आल्यागेल्याची आठवण कोठें ठेवावयाची? घड्याळ कोणत्या देशाचें? हें शेवटचें उत्तर 'एशिया/कोलकाता' असें न दिल्यास आपल्याकडील मनुष्यास सारे काळ साडेपांच तास मागें दिसतील. नंतर 'अपाची' हा सेवक पुन्हां सुरू केला, कीं सदर उघडली.

येथवरची चूक झाली तर ती बहुधा लगेच समजते, कारण पुष्कळदां दारच उघडत नाहीं. खरें भय निराळें आहे. 'अलाउड होस्ट्स' या ओळींत, कोणत्या नांवानें हाक मारली असतां उत्तर द्यावें, तीं नांवें लिहावयाचीं असतात. तेथें नुसती तारका ठेवली, तर वाटेल त्या नांवास ओ दिली जाते. प्रयोगापुरतें तें क्षम्य. प्रत्यक्ष कारभारांत धोक्याचें. 'डीबग' ही सूचना चालू राहिली, तर बिघाडाच्या वेळीं घराच्या आंतील खुणा परक्यास दिसतात. आणि या दोन्ही चुका असतांना सदर उत्तम चाललेली दिसते! यांतच त्यांचें कपट आहे.

होरायझनच्या पदरीं स्वतःचें कांहींच नाहीं. तो बंद पडला, तरी आधीं चालू केलेलीं यंत्रें चालूच राहतात. पण कोणी अधिकारी आंत शिरला, म्हणजे कीस्टोननें त्यास दिलेला मुदतीचा परवाना याच सदरेवरून सर्व कोठारांकडे जातो. म्हणून सदर बंद राहिल्यानें होतें त्याहून कितीतरी मोठें नुकसान ती गैरपणें उघडी राहिल्यानें होतें.

दात्यांनीं आज्ञावली मोकळी दिली. दक्षता मात्र कोणालाच कोणास देतां येत नाहीं. ज्यांची गणितें, ज्यांचे कागद त्या मेघांत ठेवलेले असतात, ते लोक ही फाइल कधींच पाहत नाहींत. ती भरणाऱ्यावर त्यांचा न बोललेला विश्वास असतो. पडद्यावर सदर झळकली, म्हणजे काम संपलें असें न मानतां त्या दोन ओळी जो पुन्हां एकदां वाचून पाहतो, तोच त्या विश्वासास पात्र होय.