विट्याचे माळवद आणि वस्तीवरचे छप्पर

विटा हे खानापूर तालुक्याचे ठिकाण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. विट्याला पाचशे-सहाशे झाला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. त्यातला बराचसा उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचा, नाहीतर सप्टेंबरात परतीचा. वारा-विजांसह तास-दोन तास कोसळायचे आणि ऊन पडायचे, अशी त्याची रीत. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागात घरांना उतरती, खोल वळचणीची छपरे आहेत. विट्याकडचे जुने घर मात्र सपाट छताचे, म्हणजे माळवदाचे. धान्य, मिरच्या, शेंगा वाळवायला आणि उन्हाळ्यात रात्री झोपायला ती हक्काची जागा होती. पावसाचे चार दिवस सांभाळून घ्यायचे, एवढाच तिचा तोटा.

माळवद लाकडावर उभे असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. दोन कड्यांमध्ये लाकडाचे तुकडे दाटीने बसवत. त्यांना किलच म्हणत. ऐपतीच्या घरी किलचाऐवजी सागवानी फळ्या, म्हणजे कडीपाट. त्यावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती शेतातली नव्हे. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. छतावर टाकली तर पहिल्याच उन्हात फुटायची. पांढरी मिळे ती गावठाणाच्या जुन्या टेकाडातून. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुनखडी आणि पडक्या भिंतींचा गाळ मिळून ती झालेली. गावाच्या जागेला ‘पांढर’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात ते उगाच नाही. अर्थात पूर्वजांच्या पडलेल्या भिंतीच नव्या घराच्या डोक्यावर चढत. याच टेकाडांत पुरातत्त्वज्ञांना प्राचीन वस्तीच्या खुणा सापडतात, त्यामुळे माळवदांनी इतिहासाचाही थोडा घास घेतला आहे.

भिजल्यावर पांढरीचा वरचा थर दाटून बसतो आणि पाणी वरच्यावर निथळते. त्यासाठी छताला बेताचा उतार आणि काठाला दगडी किंवा लाकडी पन्हाळ असे. पन्हाळ भिंतीपासून हातभर पुढे काढावी लागे. आखूड राहिली की धार भिंतीवरून ओघळे आणि मातीचे बांधकाम पायातून खचे. छताच्या मधले साणे, म्हणजे उजेडाचे आणि धुराचे भोक, पावसात परात किंवा फरशी टाकून झाकत. चुलीच्या धुराने किलच काळे पडत, पण त्यांना कीडही कमी लागे.

माळवद गळते ते मुसळधार पावसाने नव्हे, झडीने. तासाभराच्या सरीत माती वरून दाटते आणि दुसऱ्या दिवशी वाळते. तीन-चार दिवस बारीक पाऊस लागून राहिला, वाळायला उसंत मिळाली नाही, की ओल पाल्यापर्यंत मुरते आणि घरात भांडी मांडायची वेळ येते. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी उगवलेले गवत उपटून, उंदरांची बिळे बुजवून, पाटीपाटीने नवी पांढरी चढवायची आणि चोपण्याने चोपायची. हे काम एक वर्ष चुकले तर किलच कुजायला लागत. दरवर्षी भर पडत गेल्याने छताचे ओझेही वाढतच जाई.

शेतातल्या वस्तीवर, बैलांसाठी, वैरणीसाठी, औतकाठीसाठी हा खटाटोप परवडत नसे. तिथे छप्पर. बाभळीच्या दुबेळक्याच्या मेढी, त्यांवर आढे, आढ्यावरून दोन्ही पाखांना वासे, वर गवत किंवा उसाचे पाचट. बांधायला घायपाताचा वाख, आडोशाला तुराट्यांचा शेणाने सारवलेला कूड. गवत शाकारताना सुरुवात वळचणीकडून करून आढ्याकडे चढत जायचे, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि प्रत्येक काडी पाणी पुढच्या काडीच्या पाठीवर सोडते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, या म्हणीमागे हाच अनुभव आहे. छप्पर कुजते ते मात्र खालून. जमिनीत गाडलेल्या मेढीच्या बुडाशी ओल आणि वाळवी एकदमच पोचतात. त्यासाठी छपराभोवती पागोळ्यांच्या रेषेत चर खणून पाणी उताराला काढून देत.

कौले या भागात उशिरा रुळली. कुंभाराची नळीची कौले होती, पण ती दरवर्षी चाळावी लागत. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला. तिथली खाचेत खाच अडकणारी कौले पुढे पुणे-मिरज लोहमार्गामुळे दूरवर पोचू शकली. खुद्द विट्याला रेल्वे नाही. जवळची स्थानके किर्लोस्करवाडी, ताकारी अशी खालच्या पट्ट्यात. घाट चढून येणारा माल महाग पडणारच.

नालीदार पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये 1829 साली हेन्री पामर यांनी घेतले. जस्ताचा मुलामा पुढच्या दशकात आला आणि पत्रा गंजायचा थांबला. विट्याकडे गोठे, यंत्रमागाच्या शेड आणि कोंबड्यांची खुराडी यांनी तो मनापासून स्वीकारला. पत्र्याला वर्षाची डागडुजी लागत नाही, पण बसवताना झालेली चूक तो विसरत नाही. खिळा नालीच्या उंचवट्यावर मारायचा. खोलगट भागात मारला तर सारे पाणी त्याच भोकाशी येते. दोन पत्र्यांची जोड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवायची, नाहीतर वळवाचा वारा पाणी फटीतून वर ढकलतो.

माळवदाच्या मागे लागलेली शेवटची अडचण पावसाची नव्हती. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने या पट्ट्याला हादरवले, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जड छतांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. तोवर विट्याकडची कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली होती. गावी आलेल्या पैशातून स्लॅबची घरे उठली, आणि उन्हाळ्यात पांढरी चढवायला घरात माणूसही उरला नाही. वस्तीवरच्या गोठ्यांवर आता पत्रा असतो. मेढींची जागा लोखंडी अँगलने घेतली, पण जूनच्या तोंडाला त्याभोवती चर मात्र अजून खणतात.