शाह आलमचा रुपया सिडनीत

ऑस्ट्रेलियाची जुनी नाणी जमवणाऱ्यांमध्ये ‘प्रोक्लमेशन कॉइन्स’ या मालिकेला मोठा मान आहे. गंमत अशी की, त्यातलं एकही नाणं ऑस्ट्रेलियात पाडलेलं नाही.

जानेवारी १७८८मध्ये इंग्रजांनी सिडनीला कैद्यांची वसाहत वसवली, पण तिच्यासाठी वेगळं चलन पाठवलं नाही. जहाजांतून येईल ते नाणं चाले. नाहीतर रम होतीच. शेवटी नोव्हेंबर १८००मध्ये गव्हर्नर फिलिप किंग यांनी जाहीरनामा काढून नाण्यांचे भाव बांधून दिले. गिनी, स्पॅनिश डॉलर, डच गिल्डर यांच्या रांगेत हिंदुस्थानची तीन नाणी होती. मोहोर ३७ शिलिंग ६ पेन्स, पॅगोडा म्हणजे आपला होन ८ शिलिंग आणि रुपया २ शिलिंग ६ पेन्स. कलकत्त्याहून माल घेऊन येणाऱ्या जहाजांमुळे ही नाणी तिथं पोचली होती.

विक्रीच्या याद्यांत हा रुपया बहुधा ‘ईस्ट इंडिया कंपनीचा’ म्हणून येतो. टांकसाळ कंपनीची होती, हे खरं. पण नाण्यावर कंपनीचं नाव कुठंच नाही. फारसी मजकुरात नाव आहे बादशहा शाह आलमचं, आणि सातही मुलखांत त्याचा शिक्का चालतो असा दावा आहे.

ज्या वर्षी सिडनी वसली, त्याच १७८८मध्ये गुलाम कादिर रोहिल्यानं लाल किल्ल्यात या बादशहाचे डोळे काढले. महादजी शिंदे यांच्या फौजेनं दिल्ली परत घेऊन त्याला पुन्हा गादीवर बसवलं. जाहीरनामा निघाला तेव्हाही दिल्ली शिंद्यांच्याच ताब्यात होती. म्हणजे मराठ्यांच्या संरक्षणात राहणारा, स्वतःची राजधानीही हाती नसलेला एक अंध बादशहा, आणि त्याच्या नावाचं नाणं जगाच्या दुसऱ्या टोकाला सरकारी भावानं चालतंय! बाजारात लोकांचा विश्वास मोगली नावावर होता, म्हणून कंपनीलाही ते पुसता येत नव्हतं. १८०६मध्ये शाह आलम वारला, तरी कंपनी १८३५पर्यंत त्याच्याच नावाचे रुपये पाडत राहिली. आज हे नाव यादीतून गळतं ते केवळ फारसी वाचायचा कंटाळा म्हणून, असं मला वाटतं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे म्हणा!

संग्राहकांसाठी एक पेच आहे. जाहीरनाम्यात नुसतं ‘रुपया’ म्हटलंय, टांकसाळ सांगितलेली नाही. त्यामुळे त्या काळातला कुठलाही रुपया पेटीत घालून ‘ऑस्ट्रेलियाचं पहिलं चलन’ म्हणून विकता येतो. तो सिडनीला गेला होता की नाही, हे नाणं सांगत नाही. कलकत्त्याच्या रुपयावर तर मुर्शिदाबाद हे नाव आणि १९ जुलूस हे साल वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं आहे. त्यासाठी कड बघावी. तिरप्या रेघा असतील तर नाणं १७९३ ते १८१८मधलं. रेघा उभ्या असतील किंवा कड गुळगुळीत असेल, तर ते जाहीरनाम्यानंतरचं. पेटीवर काहीही लिहिलेलं असो.